कोर्टमावशी

कोर्टमावशी दुसऱ्याच्या वाक्यातला एक शब्दही इकडचा तिकडे होऊ देत नसत. सांता क्लाराच्या आमच्या कॉम्प्लेक्समध्ये सगळे त्यांना याच नावाने ओळखायचे. कोकणात तीस वर्षं इंग्रजी शिकवून त्या मुलाकडे राहायला आल्या होत्या. त्यांच्याच भागात, खाडीकाठच्या एका केमिकल कारखान्यात वायुगळती होऊन माणसं दगावली होती. कारखाना नावाला भारतीय. मालक कंपनीचं मुख्य ऑफिस आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. गेलेल्या कामगारांच्या बायकांनी इथल्या कोर्टात दावा लावला. त्यांच्या अमेरिकन वकीलबाईंना मराठी जाणणारं माणूस हवं होतं, आणि मावशी सापडल्या. त्यांना ड्राइव्ह करता येत नव्हतं, म्हणून शेजारचा मी त्यांचा ड्रायव्हर झालो.

जबाब व्हिडिओ कॉलवर घेतले जात. सुशीला नावाच्या बाईने सांगितलं, "धनी पाळीवरून आले आणि म्हणाले, भाकरीचा वासच येईना झालाय." दोन दिवसांनी तो गेला होता. वकीलबाई म्हणाल्या, 'वास घेण्याची क्षमता नष्ट झाली' असं लिहूया. मावशींनी पेन खाली ठेवलं.

"ती भाकरी म्हणाली. मी भाकरीच लिहिणार. जज्जना कळलं नाही तर त्यांनी विचारावं."

परतताना गाडीत म्हणाल्या, "माणूस तर गेलं. निदान त्याचं बोलणं तरी धड पोचू दे रे."

सुनावणीच्या दिवशी मी सुट्टी टाकली, पण कोर्टात अगदी मागच्या बाकावर बसलो. व्हिसावर असलेल्याने अशा ठिकाणी दिसू नये, असं मित्रांनी बजावलं होतं, आणि मी ते ऐकलं होतं. मावशी पुढे, ताठ. कंपनीच्या वकिलांनी त्यांच्यासाठी दार उघडून धरलं, खुर्ची सरकवून दिली. मधल्या सुट्टीत त्या मला म्हणाल्या, "किती सभ्य आहेत बघ. चिडायलासुद्धा जागा ठेवत नाहीत."

जबाब कुणी वाचलेच नाहीत. भाकरीपर्यंत गोष्ट गेलीच नाही. कंपनीच्या वकिलांनी मागितला होता तसाच निकाल आला, एवढाच की कारखाना भारतात, साक्षीदार भारतात, तेव्हा दावा तिथेच चालावा. हे कोर्ट त्यासाठी गैरसोयीचं आहे.

त्याच संध्याकाळी, म्हणजे गावच्या सकाळी, मावशींनी व्हिडिओ कॉलवर बायकांना निकाल मराठीत वाचून दाखवला. पडद्यावर शाळेची खोली, सतरंजीवर बसलेल्या बायका. 'गैरसोयीचं' या शब्दावर मावशींनी बोट ठेवलं. मी हळूच म्हटलं, "मावशी, जरा सौम्य करून सांगा ना." त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि शब्द होता तसा वाचला.

सुशीलाने विचारलं, "कुणाची गैरसोय?"

मावशी कागद चाळत राहिल्या. ते त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

गावाकडे दावा लागला, पण कारखाना चालवणारी भारतीय कंपनी तोवर बंद झाली होती; गेटला कुलूप, आत गवत. अमेरिकेतल्या मालकांना पाठवलेल्या नोटिसा परत येत. 'आमचा तिकडच्या कोर्टाशी संबंध नाही,' असं त्यांचं म्हणणं. ज्या कोर्टाकडे जा म्हणून त्यांनीच सांगितलं होतं, त्याच कोर्टाबद्दल! मावशी त्यांच्या ऑफिसला पत्रं लिहीत राहिल्या. एकाचंही उत्तर आलं नाही. मग त्यांनी लिहिणं सोडलं. पेपर वाचणंही सोडलं.

मुलाला रेडमंडला जॉब लागला आणि त्या तिकडे गेल्या. फोन केला की म्हणायच्या, "इथे पाऊस आहे." आणखी काही विचारलं तर, "काय सांगू?" गेल्या हिवाळ्यात न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि त्या गेल्या. मुलाने मला कळवलं. गावाला कळवायचं त्याच्या मनातही आलं नसावं. ते मी केलं, सुशीलाला फोन करून.

सुशीला म्हणाली, "कोर्टाला कळवावं लागंल का?"

"कशाला?"

"आमच्यातलं कुणी गेलं का कळवावं लागतं ना. मग वारसाचं नाव चढवतात, पुढची तारीख देतात. गेल्या साली तिघींचं कळवलं."

मी म्हटलं, "नाही हो ताई, मावशी दाव्यात नव्हत्या. त्यांचं कळवावं लागणार नाही."

"बरं," ती म्हणाली. "मग ऱ्हाऊ दे."