न बघता दिलेलं उत्तर

पाणीपुरवठा कार्यालयाच्या दप्तरखान्यात ताईंनी एकतीस वर्षं काढली. कुठला पंप कुणाच्या ताब्यात, कुणी काहीही विचारावं, ताई कपाटाला हात न लावता उत्तर द्यायच्या.

नवी संगणक यंत्रणा बसवायला आलेला इंजिनिअर चक्रावला. त्याचं यंत्र एका प्रश्नासाठी सगळ्या नोंदी उपसत बसायचं, अर्धा अर्धा तास. "ताई, तुम्हाला जमतं कसं?"

"अहो, एक पंप एकाच विभागात, अन् एका विभागाला एकच अभियंता. विभाग कळला की माणूस कळला. चाळीस कपाटं कशाला उघडायची?"

त्याने कागदावर चौकोन काढले, बाण काढले आणि ताई सांगतील ते नियम यंत्राला पढवले. ताईंनीही भरात अख्खं नियमपुस्तक वाचून दाखवलं. आता उत्तर दोन सेकंदांत यायला लागलं.

मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "यंदा तपासणी न झालेले पंप किती?"

यंत्र म्हणालं, एकही नाही. टाळ्या पडल्या. साहेबांची कॉलर ताठ झाली.

ताईंना मात्र ते पटेना. टेकडीमागच्या पंपात पाखरांनी घरटं केलंय, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. त्यांनी इंजिनिअरला गाठलं. "यानं नोंदी पाहिल्या का?"

"कशाला पाहील? प्रत्येक पंपाची दरवर्षी तपासणी होते, हा तुमचाच नियम. मग न तपासलेला पंप असणारच कसा? शोधायची गरजच नाही."

"अरे देवा! तो नियम पुस्तकात आहे हो, पंपावर नाही."

आपणच ते वाक्य वाचून दाखवलं, हे त्यांना डाचत राहिलं. त्यांनी अकरा दिवसांची रजा टाकली, वही घेतली आणि दोनशे बारा पंप पायी पालथे घातले. चौसष्ट पंपांना वर्षभरात कुणी हातही लावला नव्हता. वही साहेबांच्या टेबलावर गेली. साहेबांना आकडे झाकता येईनात. दुरुस्तीची माणसं निघाली.

इंजिनिअरने तो नियम यंत्रातून काढला. आता त्या प्रश्नापुरतं यंत्र पुन्हा अर्धा तास नोंदी चाळतं, आणि खरं सांगतं.

महिन्याभरात ताईंच्या हाती मेमो पडला: आपल्या हस्तक्षेपामुळे यंत्रणेचा वेग मंदावला आहे, खुलासा करावा.

ताईंनी चष्मा पुसला आणि खाली लिहिलं, "होय. आता ती बघून उत्तर देते."