आडवं पिंप, उभं पिंप

प्रेमदास राठोड मोठा गोड माणूस होता असं कुणी म्हटलं, तर सेनगाव तालुक्यातले अर्धे जीपवाले पोट धरून हसतील. माणूस पक्का तिरसट. गोरेगाव-सेनगाव रस्त्यावर वीस वर्षं जीप चालवली, आणि दार जोरात आपटणाऱ्या प्रत्येकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण सकाळी गाडी सुरू करण्याआधी तो न चुकता खालून घोटभर डिझेल काचेच्या बाटलीत काढी आणि उन्हात धरून बघे. तळाशी पाणी दिसलं की गाडी हलायची नाही, मग प्रवासी कितीही बोंबलोत.

पाण्यापासून माल जपायची ही खोड लमाणांच्या तांड्यावरची. त्याचा आजा थावरा लहानपणी बैलांवर मीठ लादणाऱ्यांबरोबर हिंडलेला. मुक्कामाला गोण्या उतरल्या की तो त्या आडव्या टाकायचा आणि म्हणायचा, "मालाचं तोंड आभाळाकडं ठिवू न्हाई."

दोन हजार चारच्या निवडणुकीत गोरेगावात हेलिकॉप्टर उतरायचं ठरलं. त्याच्या तेलाची दोन पिंपं प्रेमदासने जीपमधून आणली, आणि दोन दिवस राखणीलाही तोच बसला. एक पिंप त्याने आडवं केलं. दुसऱ्याला हात घालतो तोच सभेची व्यवस्था बघणारा किसनराव आला आणि त्या पिंपावर चक्क बसला. या किसनरावाने एकदा भर स्टँडवर त्याची जात काढली होती. प्रेमदास ते विसरला नव्हता.

"राहू दे उभं. टेकायला बराबर हाय," किसनराव म्हणाला.

"पाऊस आला तर झाकणातून पाणी जाईन."

"तू डायवर हायेस, डायवरच राह्य."

"बस मंग. बस," प्रेमदास म्हणाला. मनात आणखी बरंच म्हणाला.

सांजेला परतीचा पाऊस झोडपून गेला. पिंपाच्या डोक्यावर बोटभर पाणी साचलं होतं. प्रेमदासने ते बघितलं आणि तोंड फिरवलं. सांगितलं तर ऐकत नाहीत, आता भोगा म्हणावं.

दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर आलं. पुढारी सभेला गेले. वैमानिकाला तेवढ्यात पुसेगावहून आणखी एकाला आणायचं होतं, म्हणून तो घाईत होता. त्याने हाताशी असलेल्या उभ्या पिंपातलं तेल टाकीत भरून घेतलं. भरल्यावर टाकीच्या तळातलं थोडं तेल काढून बघायचं असतं. ते त्याने केलं नाही. प्रेमदासने आपली बाटली पुढे केली.

"साहेब, खालून घोटभर काढून बगा."

"हट पीछे," वैमानिक म्हणाला. बाटलीकडे त्याने बघितलंही नाही.

"मर मंग," प्रेमदास तोंडातल्या तोंडात म्हणाला आणि मागे सरला.

हेलिकॉप्टर कडेच्या लिंबाच्या झाडाच्या वर गेलं, खोकलं, गप्प झालं आणि तुरीच्या रानात आपटलं. वैमानिक जागीच गेला.

दुपारपर्यंत गावभर एकच बोंब, लमाणाने तेलात पाणी घातलं. सगळ्यांत मोठा आवाज किसनरावाचा. जीपच्या काचा फुटल्या. बायको मिराबाई बाजाराला जायची बंद झाली. पोलिसांनी प्रेमदासला आठ दिवस ठाण्यात बसवून ठेवलं. तेल नासवल्याचा गुन्हा लागला असता तर जन्माचं वाटोळं झालं असतं.

मग चौकशीचा साहेब आला. त्याने दोन्ही पिंपांतलं तेल बरण्यांत काढलं. उभ्या पिंपातल्या उरलेल्या तेलाखाली पाणी होतं. आडव्यात थेंबसुद्धा नव्हता.

"हे आडवं कुणी ठेवलं?"

"मी," प्रेमदास म्हणाला. आठ दिवसांत पहिल्यांदा त्याची मान वर झाली.

"म्हणजे तुला माहीत होतं. मग दुसरं उभं का राहू दिलंस?"

किसनरावाकडे दाखवायला त्याचं बोट उठलं आणि तसंच राहिलं. किसनराव तर तासाभरात उठून घरी गेला होता. त्यानंतर हेलिकॉप्टर येईपर्यंत पिंप प्रेमदासच्याच राखणीत होतं, आणि आडवं पाडायला एक धक्का पुरे होता.

"रागानं," तो म्हणाला.

साहेबाने ते न लिहिताच हातातला कागद घडी करून पिशवीत घातला. "पाणी पावसाचं आहे. तुझ्यावर काही नाही. जा घरी."

"लिव्हा ना साहेब," प्रेमदास ओरडला. "मी बोललो ते काहून लिव्हत न्हाई तुमी?"