मिटल्या डोळ्यांची मूर्ती

जळकोटजवळच्या आमच्या गावात विहार बांधून झाला, तेव्हा मायनं एकच गोष्ट मागितली होती. मूर्तीचे डोळे उघडे हवेत. घरातल्या तसबिरीतला बुद्ध तसाच होता. नामांतराच्या दंगलीत आमची वस्ती पेटली तेव्हा ती नवी सून होती. धूर आधी तिला दिसला, म्हणून शेजारच्या म्हातारीला बाहेर काढता आलं. तेव्हापासून तिच्या लेखी बोधी म्हणजे दुसऱ्याच्या घराकडे लक्ष असणं. मला अजूनही तेवढा अर्थ पुरतो.

लातूरच्या कारागिराला तशी मूर्ती सांगूनही झाली होती. पण माझा थोरला भाऊ, नांदेडला साहेब असताना स्वेच्छानिवृत्ती घेतलेला, विपश्यनेची शिबिरं करून करून फार शांत झाला होता. इतका शांत, की त्यानं कुणाला न विचारता ते काम रद्द केलं आणि परदेशी दात्यांकडून थायलंडची मूर्ती मिळवली. फुकट मिळतंय म्हटल्यावर विहाराच्या समितीनंही तोंड उघडलं नाही. माझं डोकं फिरलं.

मूर्ती आली ती पापण्या मिटलेली. दादा ओसरीवर बसून मायला समजावू लागला. थेरवादातला अर्हत स्वतःच्या तृष्णेतून सुटतो, तिबेटकडचे बोधिसत्त्व सगळे सुटेपर्यंत थांबतात, जपानमधले काही तर नुसत्या बसण्यालाच ज्ञान मानतात. पण वाट सगळ्यांची आतच जाते. आपल्या लोकांनी मात्र बुद्धाला मोर्चात उभं केलं, असंही म्हणाला. मायनं सगळं ऐकून घेतलं.

“शेजारी जाळ लागला तर ह्यातला कोन उठतो?” तिनं विचारलं.

दादा हसला. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो. तिनं जाळ पाहिला होता, त्यानं फक्त पुस्तकं वाचली होती.

बुद्धपौर्णिमेला विहार गच्च भरला. मूर्तीवरचा पडदा सरकला, ‘साधु, साधु’ असा साधुकार झाला. माय पुढून उठली, दाराशी गेली आणि मूर्तीकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून बसली. त्रिशरण तिनं तिथूनच म्हटलं. बाया कुजबुजायला लागल्या, तशी मी जवळ जाऊन तिला आत चल म्हटलं.

“त्यायनं डोळे मिटलेत,” ती म्हणाली. “वस्तीकडं कुनीतरी बघाया पायजे.”

मी दादाकडे पाहिलं. तो पहिल्या रांगेत मांडी घालून बसला होता, डोळे मिटून.