गोधडीतली बंदूक

ती खंडेनवमी आठवली की आजही माझी मान खाली जाते. सेवेतल्या बऱ्याच गुन्ह्यांच्या गोष्टी मी रंगवून सांगितल्या, ही मात्र घरातसुद्धा कधी काढली नाही.

त्या सकाळी पोलीस ठाण्यात शस्त्रपूजन झालं. रायफलींना झेंडूचे हार घातले, पेढे वाटले. तेवढ्यात खबऱ्याचा फोन आला. "साहेब, धायरीत एका बाईच्या घरात बंदूक हाय. लायसन नाय. पूजेला मांडलीय बघा." बेकायदा शस्त्राची केस म्हणजे वरिष्ठांकडून शाबासकी. दोन पंच आणि महिला शिपाई घेऊन मी लगेच निघालो.

घर शेतकऱ्याचं. पाटावर कोयता, विळे आणि मधोमध बारा बोअरची बंदूक, हळदीकुंकू वाहिलेली. शेजारी हिरव्या काठाची गोधडी घडी करून ठेवलेली. घरात पन्नाशीची एकटी विधवा. तिने आम्हाला आधी पाणी दिलं. परवाना नवऱ्याचा, शेतात डुकरं येत म्हणून काढलेला. तो वारला आणि परवानाही त्याच्याबरोबर संपला, बंदूक तेवढी घरात राहिली. मी पंचनामा करून ती सील केली आणि शस्त्र अधिनियमाचं कलम तीन व पंचवीस लावून बाईला अटक केली.

ठाण्यात मी तिला दरडावलं. "नवरा गेल्यावर शस्त्र ताबडतोब जमा करायचं असतं, एवढंही कळत नाही?"

"जमा कराया आल्ते की, साहेब. इलेक्शनच्या टायमाला. त्याच गोधडीत गुंडाळून."

"कुणाकडे आलात?"

ती पदर सावरत म्हणाली, "तुमच्याकडंच. तुम्ही लिहीत हुता. म्हणला, वारसाचे कागद आणा. ते कागद अजून मिळंनात."

मला लख्ख आठवलं. निवडणुकीमुळे परवानाधारक बंदुका जमा करायला रांगेत उभे होते आणि मी बंदोबस्ताच्या याद्यांत बुडालो होतो. मयताची बंदूक म्हणजे चार पत्रांचं वाढीव काम. मी मान वर न करताच म्हणालो होतो, "बाई, हे पोलीस ठाणं आहे, सामान ठेवायची खोली नव्हे. वारस दाखला आणा, मग या." खरं तर बंदूक ठेवून घेऊन पावती देणं हे माझंच काम होतं. मी डायरीत एक ओळसुद्धा लिहिली नाही.

तपासात धागा सापडला की पोलिसाला आनंद होतो. हा धागा माझ्याच टेबलापाशी आला आणि मी तो तिथेच तोडला. तिच्या जबाबातून ते वाक्य गाळलं. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती, खात्याची चौकशी मागे लागेल याची भीती वाटली. लाज वाटायला हवी होती, ती नंतर वाटली.

या गुन्ह्याला किमान दोन वर्षं कैद आहे. विशेष कारण असेल तर न्यायालय ती कमी करू शकतं, आणि ते कारण खरं आहे हे तिच्याशिवाय फक्त मला माहीत होतं. साक्षीत तिच्या वकिलांनी विचारलं, "आरोपी शस्त्र जमा करायला आधी आली होती का?" मी म्हणालो, "स्टेशन डायरीत तशी नोंद नाही." शब्दन् शब्द खरा होता. याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोललो नाही.

पुढे न्यायाधीशांनी तिला विचारलं, साहेब खोटं बोलले असं तुमचं म्हणणं आहे का? मी मागच्या बाकावर बसलो होतो. ती हात जोडून म्हणाली, "खोटं कशाला बोलतील? दिवसाला किती माणसं येत्यात त्यांच्याकडं. ध्यानात नसंल राहिलं."

दोन वर्षं तिने येरवड्यात काढली.

हाताखालच्या पोरांना मी नेहमी शिकवायचो, नोंद नाही ते घडलंच नाही. हा नियम कुणाच्या सोयीचा असतो, ते या केसने मला शिकवलं. ती सुटल्यावर दोनदा धायरीला गेलो आणि तिच्या गल्लीच्या तोंडावरून परत आलो. म्हणून राहिलेली नोंद आज इथे करतो.

सदर महिला निवडणुकीपूर्वी, सकाळी अकराच्या सुमारास, बारा बोअरची बंदूक जमा करण्यासाठी ठाण्यात स्वतःहून हजर झाली होती. कामावर मी होतो. मी तिला परत पाठवलं.