माळेतली माया

टेलरबाईंनी समोरचं अंगण मापलं ते कपडे मापायच्या टेपनं. टेप दीड मीटरची, अंगण फाटकापर्यंत चांगलं तीस मीटर. दुसरं टोक धरायला नवरा होता. वाकून वाकून त्याची कंबर धरली.

"मोठी टेप आणू का?" त्यानं विचारलं.

"या टेपनं आजवर एक बाही आखूड झाली नाही. अंगणाचं काय घेऊन बसलात."

नाताळ तीन आठवड्यांवर आला होता. आजवर रोषणाईचं खातं सासऱ्यांकडे होतं. तीस वर्षं कागदावर एक रेघ न ओढता, सगळं मनात जुळवून, ते दारापासून फाटकापर्यंत माळा लावायचे. आणि दर वर्षी शेवटची माळ फाटकाजवळच्या झाडाशी अर्धा हात कमी पडायची. "झाड वाढलं," म्हणायचे. घरात कोणी वाद घालत नसे.

यंदा त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हाड जुळलंही. डॉक्टरांनी वॉकर धरून चालायला सांगितलं. त्यांनी पलंग धरला. "वॉकर म्हाताऱ्यांना लागतो," असं वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांचं म्हणणं. असेच पडून राहिले तर पाय कायमचे जातील, हे डॉक्टरांनी सुनेला बाहेर बोलावून सांगितलं होतं. ती प्रभूपाशी रोज मागणं मागत होती, पण मागून झाल्यावर हात बांधून बसणं तिच्या स्वभावात नव्हतं.

तिनं कटिंगच्या खाकी कागदावर अंगण आखलं आणि कागद थेट सासऱ्यांच्या पलंगावर पसरला. झाडांच्या जागी बटणं, माळांच्या जागी टाचण्यांनी अडकवलेला लाल दोरा.

सासऱ्यांनी चष्मा चढवला. "हे काय, अंगणाला झबलं शिवतेस?"

"हो. कुठे तंग होतंय का, तेवढं बघा."

त्यांनी दोऱ्यावरून बोट फिरवलं. "सहा माळांत बसतं. सात कशाला?"

"माया सोडलीय, बाबा. शिवणीला सोडतो तशी, प्रत्येक वळणावर वीतभर. फांदी हलली तर ओढ बसायला नको."

"माझ्या वेळी नाही लागली कधी माया."

"म्हणून तर झाड वाढायचं."

नवरा खिडकीकडे तोंड करून हसला. सासऱ्यांनी ते कानाआड केलं. बोट दाराजवळच्या काळ्या बटणाशी येऊन थांबलं. "हे काय?"

"स्विच. तो तुम्ही दाबायचा. पलंगापासून पंधरा पावलं. मोजलीत मी."

त्यांनी दाराकडे एक नजर टाकली. "एवढी माया उरलीय, तर वायर इथपर्यंत ओढ की."

"माया शिवणीत असते, बाबा. पलंगावर लोळवायची नसते."

"मग दाबेल दुसरं कोणी."

"दुसरं कोणी नाही दाबणार. अंधारात करू नाताळ. प्रभू जन्मला तेव्हा एक चांदणी होती, ती आहेच वर."

सासऱ्यांनी भिंतीकडे कूस वळवली. कागद मात्र उशाशी ठेवून घेतला.

माळा दोन दिवसांत चढल्या. नाताळच्या आदल्या संध्याकाळी अंधार पडला, तरी स्विचला कोणी हात लावला नाही. नवरा दोनदा उठला, बायकोनं दोनदा डोळ्यांनीच बसवला. ती बाळ येशूच्या गव्हाणीत गवत पसरत राहिली. तिचे हात शांत होते.

मग आतून वॉकरची टकटक आली. तिनं वळून पाहिलं नाही. मनात मोजत राहिली. नवव्या पावलाला टकटक थांबली. ती गवत सारखं करत होती. दहावं पाऊल पडलं.

पंधराव्याला खट्‌ आवाज झाला आणि सगळं अंगण एकदम उजळलं. कुंपण, झाडं आणि पार शेवटी, फाटकाजवळचं ते झाड, बुंध्याला माळेचे दोन वेढे घेऊन.

तिनं खुर्ची पुढे सरकवली.

"राहू दे. उभा आहे ना मी." ते फाटकाकडे बघत होते. "खाली किती उरलीय माळ?"

"हातभर."

"काढू नकोस. पुढच्या वर्षी झाड वाढणारच आहे."