दोन पेनांच्या सह्या

सरकारी दवाखान्याच्या औषध विभागात मी एकटाच. मलमाच्या रजिस्टरात 'तयार करणारा' या रकान्यात माझी सही आणि 'तपासणारा' या रकान्यातही माझीच, फक्त पेन वेगळं. वर्षानुवर्षं ते कुणाला खटकलं नाही. मलाही नाही, याची आज लाज वाटते.

पाटोद्याकडची एक बाई दर महिन्याला लेकीला घेऊन यायची. पोरीची कातडी जन्मापासून कोरडी, खवल्याखवल्यांची. भेगांतून रक्त यायचं. बाजारातलं मलम तिला सोसायचं नाही, म्हणून डॉक्टर कमी ताकदीचं लिहून द्यायचे आणि मी ते बनवून द्यायचो. औषधाची पूड बारीक खलायची, चाळायची, मग व्हॅसलिनमध्ये घोटत बसायचं. महाकंटाळवाणं काम, पण त्या मलमावर पोरगी शाळेत जायला लागली होती.

एका सोमवारी खिडकीसमोरची रांग पार फाटकापर्यंत गेलेली. मी पूड कशीबशी खलली आणि चाळलीच नाही. आठ दिवसांनी बाई परत आली. पोरीच्या कोपरांवर भाजल्यासारखे चट्टे उठले होते.

"सायब, माज्याच हातून लई लागलं असंल," ती म्हणाली.

मी डबीतलं चिमूटभर मलम बोटांवर चोळलं. पुडीचे कण टोचले.

"ताई, चूक माझी आहे," मी म्हणालो. कोपरं बरी होण्यापुरतं डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं.

त्याच दुपारी मी वरच्या कार्यालयाला सगळं लेखी कळवलं, दोन्ही सह्या माझ्याच असतात हेसुद्धा. वाटलं, जोडीला एखादा माणूस देतील. माणूस आला नाही, पत्र आलं: तपासणीची सोय होईपर्यंत दवाखान्यात मलम बनवू नये. पत्रातला एकही शब्द चुकीचा नव्हता. भांडायचं तरी कशावरून?

पुढच्या महिन्यात बाई रिकामी डबी घेऊन आली. मी वर कळवल्याचं आणि मलम बंद झाल्याचं तिला सांगितलं, आणि शहरातल्या मोठ्या दवाखान्याचा पत्ता लिहून दिला.

"तिकडं जायाला दोन दिवस मोडत्यात, सायब. दर महिन्याला कसं जमंल?" तिनं कागद उलटसुलट करून पाहिला. "आन् तुमी कशाला लिहून दिलं वर? मी तक्रार केल्ती का?"

मागून कुणीतरी ओरडलं, रांग पुढं सरकवा म्हणून, आणि तीच पोरीचा हात धरून बाजूला झाली.