मुकुट उतरवणारे रूपरावजी

रूपरावजी आर्वीच्या एसटी आगारात एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त झाल्यावर लोक मंदिराच्या ओट्यावर बसतात, हे पुस्तकं घेऊन बसले. दर रविवारी दुपारी तीनला वाचनालयाच्या मागच्या खोलीत ते दोन माणसांची जोडी लावतात: एक आपल्या जुन्या ग्रंथातला, एक दूरदेशीच्या. दोघांवर एकच वेळ आलेली असते, आणि दोघं वेगवेगळं वागलेले असतात. कोण बरोबर, यावर आम्ही दहा-बारा जण तासभर भांडतो.

नियम एकच. चर्चा संपेपर्यंत कुणाचं नाव घ्यायचं नाही आणि कुणाच्या डोक्यावर मुकुट ठेवायचा नाही. राजाचा सरपंच होतो, राजवाड्याचं घर होतं, रथाची बैलगाडी होते. मी एकदा विचारलं, एवढा खटाटोप कशाला? तर म्हणाले, "नाव घेतलं की तू हात जोडतं, नाई तं बोटं मोडतं. इचार कुठी करतं? मुकुट काढ, मंग माणूस दिसते."

मला हा प्रकार सुरुवातीला चक्क पोरखेळ वाटला होता. मी पंचायत समितीत लिपिक, रविवारी तरी कुणाचं ऐकून घ्यायचं नाही असं ठरवलेली बाई. पण एकदा त्यांनी परदेशातल्या एका तत्त्वज्ञाची गोष्ट सांगितली. तो रोज इतक्या ठरल्या वेळी फिरायला निघायचा, की शेजारी त्याच्यावर घड्याळ लावायचे. कर्तव्य हे कर्तव्य म्हणूनच करावं, काय मिळेल ते पाहू नये, असं त्याचं सांगणं. निवृत्त मुख्याध्यापक भैय्याजी लगेच म्हणाले, "हा तं आपलाच माणूस झाला!" रूपरावजींनी मान हलवली. "आपल्याकडे फळाची काळजी देवावर सोपवता येते. यानं कर्तव्य देवावरही टेकवलं नाई. थोडा फरक हाय, भैय्याजी." हा थोडा फरक माझ्या डोक्यात आठवडाभर भुणभुणत राहिला. तेव्हापासून मी एकही रविवार चुकवला नाही.

मागच्या माघातली गोष्ट. माझी आई धुरपता रविवारी आर्वीच्या बाजारात भाजी घेऊन येते. त्या दिवशी पालक लवकर संपला, म्हणून रिकामी टोपली घेऊन ती वाचनालयात माझ्याशेजारी येऊन बसली. सभेला नव्हे, माझी वाट पाहायला. तीन दिवसांपासून ती धड जेवली नव्हती. आष्टीहून फोन आला होता, चंद्रभान मामा आता फार दिवस काढणार नाही म्हणून.

मामा आणि आमचं घर बारा वर्षांपासून तुटलेलं. शेताच्या मोजणीत मामा पंच होता आणि त्याने धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध, शेजाऱ्याचा असल्याचं सांगितलं. खरं तेच सांगितलं, हे बाबांनाही ठाऊक होतं, आणि म्हणूनच राग जास्त. "तो आपल्यासाठी मेला," बाबा म्हणाले, आणि आईने त्या दाराचं नाव टाकलं. फोन आल्यावरही बाबांचं एकच, जायचं नाही. मी त्यांच्याशी कडाकडा भांडले. पण आई हलेना. नवऱ्याचा शब्द मोडायची तिला सवयच नव्हती.

त्या रविवारची जोडी महिनाभर आधी ठरलेली होती. रूपरावजी सांगू लागले, "एका पोरानं बापाचा शब्द राखाले घरदार सोडलं, अन् इचारलंही नाई का काऊन. दुसऱ्या गावात एक पोरगी होती. तिचा भाऊ गावाशी वैर करून मेला. सरपंचानं सांगितलं, याच्या प्रेताले कोणी हात लावायचा नाई, माती द्यायची नाई. पोरगी एकटीच गेली अन् ओंजळीनं माती टाकून आली. आता सांगा, शब्द राखणारा बरोबर, का मोडणारी?"

भैय्याजी म्हणाले, दोघंही आपापल्या जागी बरोबर. ते नेहमी हेच म्हणतात. नयन नावाची वकिलीची विद्यार्थिनी म्हणाली, कायदा चुकीचा असला तर मोडलाच पाहिजे. मग आवाज चढले. त्या गलक्यात आईने विचारलं, "तिले काय केलं मंग?"

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. आई कधी चार लोकांत बोलत नाही.

"कोंडून टाकलं, बाई," रूपरावजी म्हणाले. "तिचा जीव गेला."

"पण भावाले माती भेटली?"

"भेटली."

"मंग झालं तिचं काम," आई म्हणाली, आणि उठली. "आष्टीची गाडी कवाची हाय?"

"पावणेचारची," रूपरावजींनी घड्याळही न पाहता सांगितलं. मग त्यांनी पाहिलं, आणि चर्चा तशीच सोडून आईची टोपली उचलली. पावणेचारला चार मिनिटं होती. पासष्टीचा माणूस टोपली काखेत मारून पुढे पळतोय, मागे आई, मागे मी. गाडीत बसल्यावर आईने कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाली, "तुह्या बापाले फोन करून सांग, मी चालली."

तिला सहा दिवस मिळाले. तिने मामाला चमच्याने खिचडी भरवली, त्याचे पाय चेपले. मामाने एकदाच विचारलं, "जवाईबुवा बरे हायत ना?" सातव्या दिवशी तो गेला. मातीला बाबा आले, सगळ्यांच्या मागे उभे राहिले, आणि आपली मूठभर माती टाकून गुपचूप बाजूला झाले.

तेरवी झाल्यावर आई मला घेऊन रूपरावजींच्या घरी गेली. पिशवीत नवी साडी, नारळ, तांदूळ. म्हणाली, "त्या पोरीच्या मायचा पत्ता द्या. ओटी भरून येतो म्हणतो."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. सरपंच, माती, दुसरं गाव. आईला वाटलं होतं, हे इथेच कुठेतरी घडलं, पेपरात आलेलं. राजाला सरपंच करणाऱ्या त्यांच्या नियमाने केलेला घोटाळा! चर्चा अर्धवट सुटली, त्यामुळे नाव सांगायचंच राहिलं होतं. रूपरावजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. शेवटी ते हळूच म्हणाले, "बाई, ती पोरगी कधी नव्हतीच. दोन-अडीच हजार वर्सापयले कोणीतरी नाटकात लिहिली."

आईने पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाली, "नव्हती कशी? मले माह्या भावाजवळ कोणं नेलं मंग?"

रूपरावजींनी चष्मा काढला. "चाळीस वर्सं झाले मले तिले वाचून," ते म्हणाले. "बरोबर होती का चूक, एवढंच तोलत राह्यलो. तिचे उपकार मानायचे, हे मले कधी सुचलंच नाई."

त्यांच्या बायकोने, यशोदाबाईंनी, आतून पाट आणून मांडला. त्या पाटावर बसल्या, पदर पसरला आणि म्हणाल्या, "तिच्या मायच्या वतीनं मी घेतो. भरा."

आईने ओटी भरली, कुंकू लावलं, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने रडली.